भिंतीला गाल लावणाऱ्या बाई

मी माझ्या गुरूंशी खोटं बोललो आणि त्या खोट्यावर पीएच.डी. झालो. हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, बायकोला तर नाहीच, कारण त्या गोष्टीत तीही आहे, तिला ठाऊक नसताना. आता पन्नाशी दिसायला लागली आहे, रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे आणि फोनवर बाईंचा आवाज अलीकडे थकलेला येतो. म्हणून लिहायला बसलो. पण आधी बाई कशा आहेत ते सांगायला हवं. नाहीतर मी नेमकं काय केलं ते कळायचं नाही.

बाई भिंतीला गाल लावायच्या. कुठेही गेल्या तरी आधी चष्मा काढायच्या, डोळे मिटायच्या आणि भिंतीला उजवा गाल टेकवून उभ्या राहायच्या. २००२ साली मी पुण्याहून आर्किटेक्चरची पदवी घेऊन ह्यूस्टनला उतरलो, तेव्हा त्या स्वतः विमानतळावर न्यायला आल्या होत्या. माझ्या भाड्याच्या खोलीत शिरल्यावर बॅग ठेवायच्या आत त्या सिंकजवळच्या भिंतीला गाल लावून उभ्या. मी दारात, अपार्टमेंटचा मॅनेजर माझ्या मागे.

"या भिंतीत पाणी आहे," बाई म्हणाल्या. "पलंग इकडे लावू नकोस."

मॅनेजर हसला. भिंत नवीकोरी होती, रंगाचा वास अजून गेला नव्हता. दिवाळीच्या सुमारास त्याच कोपऱ्यातलं कार्पेट ओलं झालं. प्लंबरने भिंत कापली तर आत पाइप पाझरत होता आणि काळी बुरशी हातभर वर चढली होती. त्यानंतर बाई कधी आल्या की तो मॅनेजर खुर्चीतून उठून उभा राहायचा.

"हाताने का बघत नाही?" मी एकदा विचारलं.

"हाताला सवय होते रे. सवयीचा हात काहीही सांगतो. गालाला अजून लाज आहे."

'बाई' हे नाव मीच दिलं. त्या आमच्या डिपार्टमेंटमध्ये असिस्टंट प्रोफेसर होत्या. अमेरिकन मुलं त्यांना नावाने हाक मारत आणि पाठीमागे 'डॉक्टर वॉल' म्हणत. मला नावाने हाक मारणं जमेना आणि 'मॅडम' त्यांना आवडेना. एकदा चुकून शाळेतल्यासारखं 'बाई' निघून गेलं, तर खूश झाल्या. "हेच म्हण. ही पोरं नावाने हाक मारतात ना, प्रत्येक वेळी वाटतं, आई ओरडतेय."

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड या उपनगरातल्या मराठी मंडळींना बाई थोड्या विक्षिप्त वाटत, आणि लाडक्याही. तिथे डॉक्टर, तेलकंपन्यांतले इंजिनिअर, सगळ्यांची घरं मोठाली. यजमान ग्रॅनाइटचा ओटा दाखवायला लागले की बाई पॅसेजमध्ये भिंतीला चिकटलेल्या. एकदा एका हृदयरोगतज्ज्ञ काकांनी जेवणाच्या पानांवरून ओरडून विचारलं, "ताई, स्टेथोस्कोप देऊ का?"

"द्या की. पण सांगून ठेवते, तुमच्या पेशंटच्या आधी तुमची गेस्ट बाथरूम जाणार."

काकू लगेच नवऱ्याकडे वळल्या, "मी कधीपासून सांगतेय, वास येतो म्हणून!" आणि पुढचं अर्धं जेवण त्या दोघांच्या भांडणात गेलं. बाई शांतपणे श्रीखंड खात होत्या.

बाई गोंदियाच्या. तिथे भाताच्या गिरण्या, आणि गिरणीमागे तूस जाळल्यावर उरलेल्या राखेचे ढीग. लहानपणी त्या ढिगांवरून घसरगुंडी खेळलेल्या या मुलीने पुढे त्याच राखेवर संशोधन केलं. तुसाची राख, चुना आणि माती नीट मिसळून वीट केली तर ती भाजावी लागत नाही, सिमेंट लागत नाही. टेक्सासमध्येही ह्यूस्टनच्या आसपास भात पिकतो आणि तिथेही राखेचे ढीग पडतात, हे कळल्यावर त्यांनी दुसऱ्या विद्यापीठाची मोठी नोकरी सोडून इथली धरली होती. "दुसरीकडे प्रयोगशाळा चांगली होती. इथे राख चांगली आहे." राख कालवताना त्यांच्या तोंडी गोंदियाची बोली यायची. कुणाचं मिश्रण पातळ झालं की, "काहून रे राजा, आंबील करून राहिला का?" हे त्या अमेरिकन मुलांनाही म्हणत, आणि मुलांना सुरावरून कळायचं.

त्यांच्या जुन्या स्टेशन वॅगनमध्ये कायम राखेची आणि चुन्याची पोती. टपालातून आलेल्या विषारी पुडीने माणसं मेल्याला तेव्हा वर्षच झालं होतं, अमेरिकेत पांढरी पूड म्हटली की लोक दचकायचे. मी आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हायवेवर एका पोलिसाने आम्हाला थांबवलं. गाडीच्या मागच्या भागात करडी आणि पांढरी पूड, पुढे दोन सावळी माणसं. मी दोन्ही हात दिसतील असे डॅशबोर्डवर ठेवले. त्याने विचारलं, हे काय आहे. नुसतं 'चुना' म्हणून भागलं असतं. पण बाईंनी त्याला तुसापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. राखेतली सिलिका, चुन्याशी तिचं होणारं लग्न, भट्टीचं वाचणारं इंधन. पोलीस आधी ताठ उभा होता, मग दाराला टेकला, मग त्याने टोपी काढली. शेवटी म्हणाला की त्याच्या आईच्या घराला तळाकडून ओल येते, काय करावं? बाईंनी उपाय सांगितला. गाडी सुरू केल्यावर मला म्हणाल्या, "तू का थरथरत होतास? आपण चोरी केली होती का?"

खरं बोलायला त्यांना कधी भीतीच वाटायची नाही. मला ते तेव्हा भोळेपणाचं वाटायचं.

त्यांच्याकडे शिकण्यासारखी मुख्य गोष्ट एकच होती: पाणी मारणं. आपल्याकडे बांधकामावर नव्या काँक्रीटवर पाणी मारतात तसंच, फक्त या विटांना ते जास्त दिवस आणि जास्त निगुतीने लागतं. ओल असेल तोवरच राख आणि चुना एकमेकांना धरतात. सुरुवातीच्या दिवसांत वीट वाळली तर ते धरणं तिथेच थांबतं, आणि नंतर कितीही पाणी ओता, ती वीट आतून कच्ची राहते. वरून मात्र काही कळत नाही. म्हणून विटांवर गोणपाट घालायचं आणि सकाळ-संध्याकाळ ते हाताने भिजवायचं, असा बाईंचा नियम. शनिवार, रविवार, ख्रिसमस, काही नाही. मी एकदा म्हटलं, बाई, स्प्रिंकलर लावू, वेळ वाचेल.

"स्प्रिंकलर पाणी देतो, बघत नाही. तू बघ. कुठली वीट जास्त पिते, कुठली कमी, ते तुला कळायला पाहिजे."

२००५च्या वसंतात त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम सुरू झालं. अमेरिकन विद्यापीठात नव्या प्राध्यापकाचं काम काही वर्षं बघतात आणि मग एकदाच ठरवतात: कायम करायचं की निरोप द्यायचा. बाईंचा तो निर्णय दोन वर्षांवर आला होता. प्रयोगशाळेतल्या लहान विटा उत्तम निघाल्या होत्या. आता उघड्यावर खरीखुरी भिंत बांधून तिला ह्यूस्टनचा दमट उन्हाळा दाखवायचा होता. भिंत टिकली की निबंध छापून येणार, पुढचं अनुदान मिळणार आणि बाई कायम होणार. त्यासाठी आम्ही सगळ्यांनी मिळून विटा पाडल्या, डिपार्टमेंटमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचल्या. पाणी मारण्याची जबाबदारी माझी.

त्याच वेळी मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात एक एकांकिका बसत होती. मी त्यात जावई होतो. तालमी शुगर लँडला, विद्यापीठापासून तासाभराच्या ड्राइव्हवर. नाटकात माझी मेव्हणी झालेली मुलगी पुढे माझी बायको झाली. हे सांगितलं म्हणजे मी तालमी का चुकवत नव्हतो ते निराळं सांगायला नको.

नाटकाच्या शनिवारी बाई एका परिषदेसाठी बाहेरगावी होत्या. मी शुक्रवारी दुपारी हार्डवेअरच्या दुकानातून लॉनला पाणी घालायचा स्प्रिंकलर आणि विजेवर चालणारा टायमर आणला, शेडमध्ये लावला, दोनदा तपासला आणि निघून गेलो. शुक्रवारी संध्याकाळी वादळ झालं. शुगर लँडलाही दिवे गेले होते, आम्ही मेणबत्त्यांच्या उजेडात तालीम केली, फार मजा आली. टायमरचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. शनिवारी प्रयोग झाला, लोक हसले, रविवारी सगळे समुद्रावर गेलो. सोमवारी दुपारी शेडचं दार उघडलं तर टायमरवर बारा वाजल्याचे आकडे उघडझाप करत होते. वीज गेली आणि आली, तेव्हा त्याची सगळी आज्ञा पुसली गेली होती. पत्रा तापलेला. गोणपाट पापडासारखं कडक. विटा पांढुरक्या पडल्या होत्या.

मी अंधार पडेपर्यंत पाइपने पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी विटा पुन्हा गडद, ओल्या, छान दिसत होत्या. टायमर मी गाडीच्या डिकीत टाकला. बाई आल्या त्या विमानतळावरून थेट शेडमध्ये.

"चुकलं नाही ना कुठे?"

"नाही बाई."

"शाबास. आणि नाटक कसं झालं? मेव्हणी काय म्हणते?"

म्हणजे त्यांना तेही कळलं होतं. मी लाजलो, त्या हसल्या, आणि तो क्षण निघून गेला. तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की फार बिघडलं नसेल.

भिंत मे महिन्यात उभी राहिली. ऑगस्टअखेर तिचे पापुद्रे निघायला लागले. हात फिरवला की पीठ हाताला. एके सकाळी बाईंनी भिंतीतली एक वीट कापून काढली, सावलीत नेली, चष्मा काढला आणि गालाला लावली.

"ही तहानलेली आहे," त्या म्हणाल्या. "हवेने असं होत नाही. ही लहानपणी उपाशी राहिलीय." मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. संशय नव्हता त्या बघण्यात, विचारपूस होती. "तुला नक्की आठवतंय ना, राजा? एखादी वेळ राहिली असेल तरी सांग. रागावणार नाही. माणूस आहेस. मग मला कळेल तरी, की चूक मिश्रणाची नाही."

एवढं दार कुणी कुणासाठी उघडत नाही. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण माझा व्हिसा त्यांच्या प्रकल्पावर होता, साखरपुडा ठरला होता, आणि पाच महिने मी ज्या 'नाही'वर उभा होतो तो आता सोडायचा कसा, ते मला कळेना.

"नाही बाई. रोज दोन वेळा. हाताने."

त्यांनी वीट खाली ठेवली, चष्मा लावला. "मग माझंच चुकतंय," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या गालावर अविश्वास दाखवलेला मी तेवढाच एकदा पाहिला.

शेजारच्या केबिनमध्ये काचेच्या इमारतींवर काम करणारा एक अमेरिकन प्राध्यापक होता. माणूस भला. त्याने माझ्यासमोर बाईंना सल्ला दिला की ही एक खेप वगळ, लहान विटांचे आकडे छाप, कायम झालीस की सावकाश पुन्हा कर. सगळे असंच करतात. बाई त्याला इंग्रजीत म्हणाल्या, "माझी भिंत सोलवटतेय. मी काय लिहू, चमकतेय म्हणून?" आणि मला मराठीत, "पुन्हा करायला एक उन्हाळा पाहिजे, आणि माझे कागद त्याआधीच समितीकडे जायचेत. माझ्याकडे तेवढा उन्हाळा नाही."

मग त्यांनी स्वतःच्या मिश्रणाविरुद्ध स्वतः निबंध लिहिला: उष्ण दमट हवेत तुसाची राख आणि चुना यांची वीट टिकत नाही. दुसरं नाव माझं. माझा प्रबंधही त्याच विषयावर बेतला गेला. ती वीट हवेतल्या बाष्पाने कशी खचते याची कारणमीमांसा मी शंभरेक पानं केली. परीक्षकांनी स्तुती केली. बाईंना अनुदान मिळालं नाही आणि २००७ साली त्यांना निरोप द्यायचं ठरलं. निवृत्तीच्या वयाच्या नव्हत्या त्या, पण नव्याने सुरुवात करायच्या वयाच्याही राहिल्या नव्हत्या. "ते लोक बरोबर आहेत," त्या मला म्हणाल्या. "सहा वर्षं दिली त्यांनी. मी त्यांना सोलवटलेली भिंत दिली."

एका सकाळी ती भिंत पाडायला छोटा लोडर आला. बाई पार्किंगमध्येच थांबल्या, भिंतीजवळ गेल्या नाहीत. लोडर चालवणाऱ्याला मात्र त्यांनी स्वतः कॉफी नेऊन दिली आणि चुन्याची धूळ आहे, डोळे सांभाळ, असं दोनदा बजावलं.

त्या वर्षी सगळीकडे ग्रीन बिल्डिंगचं वारं होतं. मला पार वायव्य किनाऱ्याकडच्या बेलव्ह्यू गावातल्या एका फर्ममध्ये पर्यावरणपूरक बांधकामसाहित्य तपासायची नोकरी लागली. शिफारस बाईंची. त्यांनी तिथल्या माणसाला फोन केला तेव्हा मी समोरच बसलो होतो. फोन ठेवून म्हणाल्या, "मी सांगितलंय त्यांना. हुशार बरेच मिळतील, पण हा मुलगा पाणी चुकवत नाही." मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

२००८च्या उन्हाळ्यात त्या न्यू जर्सीला भाचीकडे निघाल्या. एडिसनजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचे वर्ग मिळाले होते. सुतार, प्लंबर, दिवसभर काम करून येणारी मुलं. मी सामान भरायला टेक्सासला परत गेलो होतो. स्टेशन वॅगनमध्ये पोती नव्हती, त्यामुळे ती कुणा दुसऱ्याची गाडी वाटत होती. निघताना त्यांनी माझ्या हातात जवसाच्या चटणीची बरणी दिली. "बायकोला दे. आणि तिकडे पाऊस फार, म्हणे. घर घेताना आधी मला बोलव."

घर घेतलं तेव्हा मी बोलावलं नाही.

बेलव्ह्यूच्या ऑफिसात आमच्याकडे एक बंद खोली आहे. तिच्यात कुठल्याही गावची हवा तयार करता येते. चार वर्षांपूर्वी मी भाताची राख मागवली आणि बाईंच्या मिश्रणाच्या विटा पाडल्या. अर्ध्यांना सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी मारलं. उरलेल्या अर्ध्या पहिल्या आठवड्यात मुद्दाम वाळू दिल्या आणि मग भिजवल्या. सगळ्या त्या खोलीत ठेवून ह्यूस्टनचा उन्हाळा लावला. वाळलेल्या सोलवटल्या, जशी ती भिंत सोलवटली होती. पाणी मारलेल्या आजही माझ्या टेबलाखाली आहेत, कोपरासुद्धा झडलेला नाही. सहकाऱ्याने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, सहज.

दर दिवाळीला मी बाईंना फोन करतो. हवापाणी, मुलांचं कॉलेज, गुडघे. गेल्या दिवाळीला त्या आपणहून म्हणाल्या, "अरे, गोंदियाच्या एका मुलाची मेल आली होती. आर्किटेक्ट आहे. कोकणात शाळा बांधून राहिलाय, तुसाची राख घालून विटा करू का, विचारत होता. मी सांगितलं, नको रे बाबा, दमट हवेत टिकत नाही ती. आपला अनुभव कळवला त्याला. बिचाऱ्याने सिमेंटचे ब्लॉक घेतले. बरं केलं ना?"

शेजारच्या खोलीत बायको मुलीशी इंग्रजीत हुज्जत घालत होती.

"बरं केलंत," मी म्हटलं.

तेव्हा तिसऱ्यांदा खोटं बोललो. पहिल्यांदा मी निष्काळजी होतो, दुसऱ्यांदा घाबरलेला. या वेळी मला नोकरी होती, घर होतं, नागरिकत्व होतं, टेबलाखाली पुरावा होता, आणि फोनच्या पलीकडे एक म्हातारी बाई होती, जी मला आयुष्यात कधी रागावून एक शब्दही बोललेली नाही.

हे इथे लिहून फेड होत नाही, हे मला कळतं. वाचकांना आधी आणि त्यांना नंतर, यातही थोडा पळपुटेपणा आहेच. बाई अजून एडिसनला आहेत. विमानाने पाच-सहा तासांचा रस्ता. त्यांची वीट चांगली होती, हे त्यांना माझ्या तोंडून, समोर बसून कळायला हवं. मग त्या निबंधाची दुरुस्ती माझ्या एकट्याच्या नावाने छापून यायला हवी, आणि गोंदियाच्या त्या मुलाला मी स्वतः कळवायला हवं. एवढं मी बाईंचं देणं लागतो. त्यातलं अजून काहीही दिलेलं नाही.